एकसष्ट सालचा नाताळ

नाताळ चार दिवसांवर आला होता. अमेरिकेतल्या टोलीडो शहरात एका फोटोच्या दुकानात मर्ना रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारा आणि त्याची धाकटी बहीण, घरच्या जुन्या फिल्मवरून फोनवर उतरवून घेतलेली हलती चित्रं तिथंच उभ्यानं बघत होते.

“अरे लाइल, आपलं नाताळचं झाड, अ‍ॅल्युमिनियमचं, चंदेरी!”

“आणि हा मी. ती काउबॉयची टोपी घालूनच झोपायचो.”

“बाबांच्या मांडीवर मीच ना?”

“तूच. तीन वर्षांची.”

“आई कधी येते?”

“संपलं, ग्लेंडा.”

“संपलं? मग आई कुठाय?”

“कॅमेरा तिच्याच हातात असणार.”

“मावशीच्या माळ्यावर एवढं एकच रीळ होतं रे. फोटो तर सगळे घराबरोबर जळले.”

“रडू नकोस. लोक बघतायत.”

“बघू देत. एकदा तिचा चेहरा बघायचा होता मला. तू सांग. ती गेली तेव्हा तू सात वर्षांचा तरी होतास. खरंच माझ्यासारखी दिसायची?”

लाइल बाहीनं फोनची काच पुसू लागला.

“आरशात बघ, आई दिसेल, असं सांगायचास ना मला?”

“तू रडायची थांबायचीस गं, म्हणून सांगायचो. मलाही तिचा चेहरा आठवत नाही.”

काउंटरवरून मर्नाला हाक आली. ती जागची हलली नाही.

ग्लेंडानं डोळे पुसले.

“परत लाव,” ती म्हणाली. “तिच्याकडे बघून आपण किती हसत होतो, तेवढं तरी बघू.”