रुखमाबाईंची तणसाची जुडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या मळ्याला आपल्या बंद राइस मिलचं छत देणारे आदरणीय भैय्याजी, नागपूरहून एवढ्या उन्हात आलेले प्रमुख पाहुणे, भाजीच्या मोठ्या दुकानांचे खरेदी अधिकारी अमरसाहेब, ज्यांच्यासाठी हा हॉल भरला आहे त्या आमच्या रुखमाबाई, आणि तुमसरच्या माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनो! गिऱ्हाईक म्हटलं म्हणून रागावू नका, माझ्याकडे याहून मोठी पदवी नाही. तुम्हा सर्वांना तृप्तीचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे मी रुखमाबाईंच्या सात वर्षांच्या कामाबद्दल चार गोड शब्द बोलायचे, मग भैय्याजींच्या हस्ते शाल-श्रीफळ, मग अमरसाहेबांबरोबर करारावर सही आणि शेवटी आलूपोहे. शाल तेवढी देऊन झाली आहे, कारण भैय्याजींना घाई होती. गोड शब्द मी बोलणार आहे. पण त्याआधी एक खरी गोष्ट बोलू द्या.

तुमच्यापैकी किती जणांना 'ग्रीन हेवन' आठवतं? हसा, हसा! सात वर्षांपूर्वी मी मिलच्या छतावर चुंगड्यांत, म्हणजे रिकाम्या पोत्यांत, माती आणि धानाचा भुसा भरला आणि सांभार (शहरात कोथिंबीर म्हणतात तो), पालक, मेथी लावली. सकाळी तोडायची, दहाच्या आत हातगाडीवर विकायची. भाजी झकास होती. तेवढ्यात कोणीतरी कानात सांगितलं, ताई, ब्रँड पाहिजे. झालं! मी नागपूरला जाऊन चकचकीत प्लास्टिकचं पाकीट छापून आणलं. त्यावर टोपी घातलेली गोरी बाई आणि तिच्या हातात टोमॅटो. टोमॅटो तर आम्ही लावतच नव्हतो! पाकिटात सांभाराला घाम फुटायचा आणि दुपारपर्यंत तो काळा पडायचा. या पहिल्या रांगेतल्या गोदावरीबाईंनी पाकीट उलटसुलट करून मला विचारलं होतं, "पोरी, हे कोणत्या फ्रीजमधलं हाय?" अहो, समोरच्या छतावरचं होतं ते, बाप्पा!

रुखमाबाई तेव्हा आमच्याकडे माती उचलायला आल्या होत्या. सानगडीकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी करण्यात त्यांचा जन्म गेलेला. एक दिवस त्यांनी कोणालाही न विचारता माझी पाकिटं बाजूला सारली आणि रोवणीच्या वेळी धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, बांधतात तशी सांभाराची जुडी बांधली. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, दोन ओल्या काड्या घेतल्या, एका हाताने पीळ दिला आणि अंगठ्याने टोक खोचलं. मी ओरडले, "रुखमाबाई, ब्रँड आहे तो!" त्या म्हणाल्या, "असू दे वो. भाजीले हवा लागू दे."

ही गाठ दिसायला घट्ट, पण एक टोक ओढलं की अलगद सुटते. चाकू नको, कात्री नको. महिनाभरात लोक गाडीवर येऊन "रुखमाची जुडी द्या" म्हणायला लागले. मग मीही शहाणी झाले आणि पाटीवर तेच नाव रंगवलं. पुढे बाजारात एकाने शिळ्या मेथीला तणस गुंडाळून आमच्या नावावर विकायला काढली. गोदावरीबाईंनी टोक ओढलं, गाठ सुटेना. त्यांनी ती जुडी तिथल्या तिथे त्याच्या टोपलीत फेकली. आमच्या नावाची राखण गिऱ्हाईकच करत होतं. अमरसाहेब, तुम्ही एवढे शिकलेले आहात, याला ब्रँड म्हणत नसतील तर मग कशाला म्हणतात?

अमरसाहेब भले गृहस्थ आहेत, हे मी मनापासून सांगते. रोजचा सगळा माल उचलतो म्हणाले. फक्त जुडीला यंत्राची पट्टी हवी, त्यावर त्यांच्या दुकानाचं नाव आणि बारकोड हवा. रुखमाचं नाव नको आणि तुमसरचंही नको. तणसाचा म्हणे दुकानात कचरा होतो. यंत्र आलं की रुखमाबाईंना काम उरत नाही. म्हणून भैय्याजी म्हणाले, बाईला मानाने निरोप देऊ. आणि मी काय केलं? मी मुकाट्याने हो म्हटलं. निमंत्रणपत्रिका मीच लिहिली. 'वाढत्या वयामुळे निवृत्त' असं त्यात मीच छापलं. धादांत खोटं छापलं. मी दोन जुड्या बांधते तोवर त्यांच्या पाच होतात.

परवा, पत्रिका वाटायच्या आधी, यंत्राची चाचणी होती. रुखमाबाईंना म्हटलं, आज घरीच राहा. पट्टी लावलेल्या जुड्या गाडीवर मांडल्या. गोदावरीबाई आल्या, त्यांनी जुडी फिरवून पाहिली आणि विचारलं, "रुखमाले काय झालं?" मी नुसती खाली मान घातली. बस्स, तेवढ्यावरून त्या काय समजायचं ते समजल्या. पिशवी माझ्या गाडीवरच टाकून, आणखी तिघींना सोबत घेऊन, डोळ्याला पदर लावत थेट रुखमाबाईंच्या दारात गेल्या. दार कोणी उघडलं? खुद्द रुखमाबाईंनी! गोदावरीबाई अशा किंचाळल्या म्हणे की शेजारचे धावत आले.

हसू येतं ना? मलाही आलं असतं. पण रुखमाबाईंनी त्या चौघींना बसवलं, चहा ठेवला आणि सांगितलं, "मेली नाही मी. मले निरोप देऊन राहिले." माझ्याबद्दल एक वाकडा शब्द त्या बोलल्या नाहीत. गोदावरीबाई मात्र तशाच माझ्याकडे परत आल्या आणि भर चौकात म्हणाल्या, "काहून वो तृप्ती? चालत्याबोलत्या बाईले कायचा निरोप?" मला लाज वाटली. अजून वाटते आहे. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज देते.

मंडळी, ज्या निरोप समारंभासाठी तुम्ही आलात, तो मी रद्द करते आहे. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. सात वर्षं मी या बाईचं नाव विकलं आणि तिची हजेरी मजूर म्हणून लावली. आता पाटीवर त्यांचं नाव आहे तसं धंद्यातही राहील, निम्म्या भागीदार म्हणून. ही गाठ शिकायला आणखी दोघी येणार आहेत, त्या रुखमाबाईंच्या हाताखाली शिकतील. भैय्याजी, तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण छत तुमचं आहे, उद्या म्हणालात चुंगड्या उचला, तर उचलू. तुमसरात छतांचा दुष्काळ पडलेला नाही.

आणि अमरसाहेब, हे तुमचं करारपत्र. यावर मी सही केलेली नाही. तुम्हाला माल हवा असेल तर तणसासकट मिळेल, रुखमाच्या आणि तुमसरच्या नावासकट मिळेल. कचरा पडला तर झाडू मारा, आम्हीही मारतो. कागद प्रवासात उडू नयेत म्हणून तासाभरापूर्वी मी ते रुखमाबाईंकडून बांधून घेतले. काय बांधताय, हे त्यांनाही सांगितलं नव्हतं. घ्या. एक टोक ओढा, साहेब, कात्री लागायची नाही.

शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचे आभार. हॉल देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि मागे पोहे गरम ठेवणाऱ्या बायांचेही आभार. पोहे खाऊनच जायचं, ते काही रद्द नाहीत. पाहुण्यांसमोर जीभ जास्त चालली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. त्या पत्रिकेबद्दलची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती रुखमाबाईंकडे मागते, तुमच्या सगळ्यांदेखत, हात जोडून.

काय म्हणता, बाई? जोरात बोला, सगळ्यांना ऐकू द्या. मंडळी, त्या विचारताहेत की निरोपच नाही तर ही शाल परत करायची का. नाही, रुखमाबाई. शाल ठेवा. उद्या सहाला सांभार तोडायचा आहे आणि छतावर सकाळी गार वारा असतो.