बावीस मीटरची बाटली

दीनानाथ : म्हणजे या सगळ्यात तुझा फायदा काय, तर गणपतरावांची एक शाब्बासकी. एवढंच ने?

हेरंब : एवढंच, काका. अठ्ठावीस वर्षांत बाबांनी दिलेली पहिली.

दीनानाथ : बेस. चहा घे आधी. आणि सरळ सांग, लॅबमधल्यासारखं इंग्रजी नको फाडूस.

हेरंब : उत्तरायणाला लॅब दोन दिवस बंद होती. म्हणून त्या जुन्या खाणीतल्या तलावावरून आणलेल्या बाराही बाटल्या मी घरी फ्रिजमध्ये ठेवल्या. गच्चीवर पतंग चालले होते. बाबांनी पाहुण्यांसमोर सुरू केलं, "आमचा हेरंब पाणी भरण्यात पीएचडी करतो."

दीनानाथ : बोलले असतील. त्यांच्या जिभेला मांज्याची काच लावलेलीच असते.

हेरंब : मला राहवलं नाही. बावीस मीटर खोलीवरची बाटली वर नेली. म्हटलं, बघा, कसं नितळ आहे. तलावाच्या तळाशी हवा पोचत नाही, म्हणून लोखंड पाण्यात विरघळून राहतं. तीनशे कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू नव्हता, तेव्हा समुद्र असेच असणार. आणि बूच काढून ग्लासात ओतलं.

दीनानाथ : मग?

हेरंब : दोन-तीन पेच होईतो पाणी पिवळं पडलं, मग गंजासारखं तांबूस. सगळे बघत राहिले. बाबा म्हणाले, "वा रे पठ्ठ्या, समुद्राला गंज चढवलास!"

दीनानाथ : मी असतो तर मीही टाळी दिली असती. उरलेल्यावर बूच लावलंस?

हेरंब : लावलं. वरचं पत्र्याचं टोपण घरच्याच पकडीनं दाबलं. वाटलं, गेली तर एक बाटली गेली.

दीनानाथ : मी दाबतो तेव्हा टोपणाची कड सगळीकडून सारखी बसते. तुझी एका बाजूनं फाफड्यासारखी वळलेली. बघितली आणि कळलं.

हेरंब : तुम्हाला माहीत होतं?

दीनानाथ : एकतीस वर्षं बुचं लावतोय, भाई.

हेरंब : मग लॅबमध्ये ती बाटली तांबडी निघाली आणि मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दीनानाथ, तुमचा हात थरथरायला लागला, एक बूच ढिलं म्हणजे सगळीच ढिली," तेव्हा का नाही बोललात?

दीनानाथ : तू पण होतास की तिथे. वही उघडून. वही उलटी होती, पण उघडी होती.

हेरंब : होतो. पण तुम्ही?

दीनानाथ : मला या नोकरीला कोणी चिकटवलं? गणपतरावांनी. त्यांच्या मुलाचं नाव माझ्या तोंडून जायचं? म्हटलं, आज बोलेल, उद्या बोलेल. तीन दिवस वाट बघितली.

हेरंब : आता बोलतो. मॅडमना फोन करतो. बाकीच्या अकरा बाटल्या चांगल्याच आहेत, काका. मोहनाचे जिवाणू त्यांत आहेत, लोखंडावर जगणारे. तिच्या पीएचडीचं सगळं काम त्यावर...

दीनानाथ : सकाळी ओतल्या.

हेरंब : काय?

दीनानाथ : मॅडमचा हुकूम. मीच ओतल्या, मीच धुतल्या.

हेरंब : मग परत जाऊ. उद्याच. गाडी मी आणतो.

दीनानाथ : आणि काय भरून आणशील? खाणवाल्यानं परवा पंप लावले. वरचं-खालचं सगळं ढवळून निघालं. तळापर्यंत हवा गेली असणार.



हेरंब : ओतताना मोहना होती?

दीनानाथ : शेजारीच उभी. बाटली उघडावी तर पाणी नितळ, बेसिनमध्ये थांबलं की तांबूस. सातवी ओतली तेव्हा विचारते, "काका, बूच ढिलं असतं तर हे आधीच तांबडं नसतं का झालं?" म्हटलं, मला काय कळतं, पोरी. मी बाटल्या धुणारा.

हेरंब : आणि पुढच्या चार?

दीनानाथ : ओतल्या.

हेरंब : का, काका?

दीनानाथ : थांबलो असतो तर तुझं नाव निघालं असतं. आता मांड जमाखर्च. गणपतरावांची चार घटका करमणूक झाली. तुला शाब्बासकी मिळाली. मी तुमच्या घराच्या उपकारातून सुटलो. आणि भरलं कोणी? जिला त्या गच्चीवर कोणी बोलावलंही नव्हतं, त्या पोरीनं.

हेरंब : थांबा, तिलाच लावतो. ...हॅलो, मोहना? हेरंब बोलतोय. ती तांबडी झालेली बाटली मी उघडली होती. घरी. ...नाही, बाकीची एकही नाही. अकराही चांगल्या होत्या. ...हो. ...हो, पक्कं.

दीनानाथ : काय म्हणते?

हेरंब : विचारते, दीनानाथकाकांना माहीत होतं का.

दीनानाथ : होतं म्हणून सांग.