पहाटेचे पाढे

हॅलो? …कोण, पूर्णिमा मॅडम? अहो, आज इतक्या लवकर? क्लिनिकचा फोन रोज साडेसहाला येतो ना, त्याला उठवून बेरजा विचारायला… हो, मी हिरा, धम्मदीपची आईच बोलतेय. …नाही, झोपलाय अजून. थोड्या वेळानं करा ना, तोवर त्याला तयार करते… म्हणजे, उठवते.

…उठवू नको? बरं. …निकाल? तुमच्या त्या टेस्टचा? …काय सांगता! निरोगी माणसांपेक्षाही फास्ट? बघा! मी ह्यांना म्हणत होतेच, पोरगं हुशार आहे. बेरजा सगळ्या बरोबर ना? …हो, हो…

…मग अडलं कुठे? …म्हणजे? डॉक्टर कंपनीला सांगणार नाहीत? अहो, असं कसं! सदाशिव पेठेत क्लिनिकमध्ये माझ्यादेखत म्हणाले, डिप्रेशनमध्ये माणूस उठतो, पण डोकं लवकर उठत नाही, तेच आम्हाला मोजायचंय. मोजून झालं की सकाळची शिफ्ट बदलायला सांगतो म्हणाले. …हो, पण… ऐका ना… मॅनेजरनं शेवटची ताकीद दिलीय हो. वारज्यातून हिंजवडीची बस सुटून जाते आणि हा आपला गादीवर भिंतीकडे बघत बसलेला. ह्यांना वाटतं आळस. कंपनीला वाटतं आळस. आता तुम्हीही…

…काय? …नाही, टेस्टच्या आधी काही नाही करत तो. …म्हणजे, चहा घेतो. …कोरा. …हो, आधीच. …तोंडावर पाणी? ते मी मारते. …तुमच्या फोनच्या तासभर आधी. अहो, परीक्षा म्हटल्यावर तयारी नको? बारावीलाही मीच उठवायची त्याला! …पाढे म्हणून घेते. …एकोणतीसपर्यंत. …"आत्ताच उठलो" म्हणतो, कारण मी समोरून खुणावते. त्याचा काही दोष नाही.

…रागवा मॅडम. …नाही, रागवाच. चारचौघांत लेक ढ दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आपल्याच हातानं घालवली ना मी त्याची नोकरी? …अगं पोरी, खरं सांग, आता काही होईल का?

…पुन्हा पहिल्यापासून? डॉक्टर मानतील? …आत्ताच? झोपेतून? …बरं, बरं. फोन स्पीकरवर टाकून उशाशी ठेवते. …बोलायचं नाही. …खूणही नाही. …पाणी नाही, चहा नाही, कळलं गं. धम्मा… ए धम्मा, फोन आहे. …उठला. विचार.

…

…अगं, डोळे उघडे आहेत, ऐकू गेलंय त्याला. सतरा आणि आठ ना? …नाही, नाही सांगत मी. …हो, गप्प बसते.

…

…किती वेळ झाला गं हा! माझ्याकडे बघतोय. …बरं, मी तोंड फिरवते, झालं? …रोज असंच होत असेल त्याला? आणि मी पाणी मारत होते…

…बोलला! हळू बोलला, तुला ऐकू आलं? …सव्वीस. …हो, सव्वीसच म्हणाला. …नाही, परत नको विचारूस त्याला. …लिही बाळ. चुकलं, असंच लिही. …ठेवते.