कुलपाशी अडकलेला इंटरप्ट

भाची : ...म्हणून म्हणते आत्या, माझा कोड काढून टाक. आणि या कामावरून मलाही. दुपारी हॉस्पिटलची माणसं श्वासयंत्र बघायला येणार. त्यांच्यासमोर गोठलं तर?

आत्या : तुला काढायचं मागाहून बघू. गोठतं कसं ते सांग.

भाची : यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम, कर्नल, कुठेतरी अडकतो. मग पहाऱ्यावरचा टायमर एनएमआय पाठवतो, तो न अडवता येणारा इंटरप्ट.

आत्या : हं. बाकीच्या इंटरप्टना, हातातलं काम सोडायला लावणाऱ्या इशाऱ्यांना, थांब म्हणता येतं, हा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तो आला की यंत्र नव्याने सुरू व्हायला हवं.

भाची : होत नाही ना. तो इशारा आल्यावर चालणाऱ्या माझ्या कोडमध्ये, हँडलरमध्ये, शिरतं आणि तिथेच बसतं.

आत्या : हँडलर पहिलं काय करतो?

भाची : कुठे अडकलं ते प्रिंट करतो. नाहीतर कारण कळणार कसं?

आत्या : प्रिंटला लॉक लागतं, एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप. ते तेव्हा कुणाकडे असतं?

भाची : ज्या कोडला मध्येच थांबवलं... त्याच्याकडे.

आत्या : म्हणजे किल्ली ज्याच्या खिशात, त्याच्याच छातीवर बसून तू किल्ली मागतेस. तो बिचारा देणार कशी?

भाची : अगं आई गं. प्रिंट उडवते.

आत्या : मग कारणही गेलं. रोगापेक्षा इलाज भयंकर.

भाची : थांब. रीस्टार्टमध्ये पुसली न जाणारी थोडी मेमरी आहे. हँडलरने तिथे नोंद टाकायची, लॉक मागायचंच नाही, आणि रीस्टार्ट. प्रिंट यंत्र उठल्यावर.

आत्या : मग बघत काय बसलीस? लिही.

(भाची नवा कोड यंत्रात चढवते. टेबलावर यंत्राला जोडलेलं रबरी फुप्फुस. फुगता फुगता थांबतं. ते पुन्हा फुगू लागतं.)

भाची : उठलं. आत्या, आपलं आपण उठलं गं.

आत्या : बघतेय. आता वाच, मुळात अडकलं कुठे होतं?

भाची : प्रेशर सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये, ड्रायव्हरमध्ये. सेन्सर उत्तर देत नाही म्हणून तेच तेच प्रिंट करत बसलाय. ड्रायव्हर तुझा आहे.

आत्या : अरे देवा. असंच वॉर्डात गेलं असतं. सरक, मला बसू दे.

भाची : बस. मी येते.

आत्या : कुठे निघालीस? शेजारी बस. माझी चूक दाखवणारं माणूस मला सोडायचं नाहीये.