लिफ्टची पिन

ऑपरेशनच्या खोलीबाहेर फरशी पुसताना मावशीच्या कानावर सासू-सुनेचं बोलणं पडलं.

“घरीच मोटारसायकल खोलायची हौस! गाडी उचलायची स्वस्तातली लिफ्ट आणली, ती बसली ना गाडीसकट माझ्या पोराच्या छातीवर!”

“लिफ्ट चांगली होती, आई. लॉकची पिन घातली की हलत नाही.”

“मग घातली का नाही?”

“सापडली नाही. मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं, मला काय माहीत? म्हणाले, जाऊ दे, पाच मिनिटांचं तर काम.”

“गेली कुठे मेली?”

“न्हाणीघराची कडी तुटली म्हणून तुम्ही माझ्यामागे भुणभुण लावली होती ना? तिथं मीच अडकवली. त्यांनी विचारलं तेव्हा आठवलंच नाही.”



“घरी गेलीस की आधी ती काढ.”

“आणि दार?”

“राहू दे उघडं.”