भरतीच्या आधी

बेटावरून कर्कवॉल शहराला जाणारी बोट यायला अर्धा तास होता. धक्क्यावरच्या खोलीत मेरन विणत बसली होती, पण टाके चुकत होते, कारण मागच्या बाकावर म्हातारा एडविन आणि त्याची थोरली बहीण टॉमिना यांचं जुंपलं होतं.

“पाच हजार वर्षांपूर्वीचं घर तुझ्या शेतात निघालं, आणि तू सहा महिने गप्प?” टॉमिना म्हणाली.

“वादळानं समुद्राकडचा कडा ढासळला, भिंती उघड्या पडल्या. त्यात माझा काय दोष?”

“म्युझियमला कळवायचं सोडून तिथं करत काय होतास?”

“चहा पीत होतो.”

“चहा?”

“मधोमध चूल आहे, कडेला दगडी पलंग. आत वारा म्हणून लागत नाही बघ. आणि दाराशीच शिंपल्यांचा उकिरडा. तिथं राहणारेही आपल्यासारखेच आळशी.”

“तुझ्या घरात चूल नाही होय रे?”

“आहे की. पण एल्सी गेल्यापासून तिथं समोरची खुर्ची रिकामी दिसते.”

भावजयीचं नाव ऐकताच टॉमिनानं आवाज खाली आणला.

“शुक्रवारी मोठी भरती आहे, एडविन. सगळं वाहून जाईल.”

“म्हणून तर निघालोय कर्कवॉलला सांगायला. पण एकदा म्युझियमवाले आले की भोवती दोऱ्या बांधतील, मला आत पाय ठेवू देणार नाहीत.”

“मग फोनवर सांग.”

“आणि बोट?”

“जाऊ दे बोट. ते यायच्या आत मलाही बसायचंय तिथं.”

एडविननं खिशातून फोन काढला. नंबर लावायला त्याला बराच वेळ लागला.

“हॅलो, म्युझियम का? एक जुनं घर सापडलंय. हो, लवकर यायला हवं. पण आज नको, उद्या सकाळी या. आज घरी पाहुणी आहे.”