आपला दरवाजा काळजीत आहे

(जिन्याच्या तोंडाशी बंद दार. बाहेर जावई, नुसत्या बनियनवर. आत सासूबाई.)

जावई : आई, ओढू नका. ओढून नाही उघडायचं ते.

सासू : मग ढकलू?

जावई : ढकलूनही नाही. लाल दिवा दिसतोय का कुलपावर?

सासू : दिसतोय. आणि आतून कोणी बाई बोलतेय. "अनोळखी व्यक्ती, अनोळखी व्यक्ती." हे तुम्हाला की मला?

जावई : मलाच. कचरा टाकून, खाली नळावर हात धुऊन आलो. ओलाच अंगठा लावला दोन-तीनदा, तर ओळखच देईना. आता चोर समजून दोन्ही बाजूंनी बंद झालंय.

सासू : आतून कशाला बंद?

जावई : चोर आत असला तर पळून जाऊ नये म्हणून.

सासू : अगं बाई! म्हणजे चोर मी?

जावई : तसं नाही हो आई...

सासू : तिकडे माझी लेक बाळाला दुपट्यात गुंडाळून, दवाखान्याच्या बाकावर तुमची वाट बघत बसली असेल. आणि तुम्ही जिन्यात बनियनवर!

जावई : मला का हौस आहे? गाडीची किल्ली आत, फोन आत, शर्ट आत.

सासू : साधी कडी असती ना...

जावई : कडीचं आपण नंतर बोलू. आधी टेबलावरचा माझा फोन घ्या. आमच्या लग्नाची तारीख टाका, उघडेल.

सासू : ती मला पाठ आहे. हं, उघडला. आता?

जावई : घराचं चित्र दाबा.

सासू : इथे घरंच घरं आहेत. कुठलं?

जावई : निळं. डोळे असलेलं.

सासू : घराला डोळे! बरं, दाबलं. काय लिहिलंय बघा : "प्रिय गृहस्वामी, आपला दरवाजा काळजीत आहे." त्याला कसली आलीय काळजी? बाळंतीण काय त्याची खोळंबलीय?

जावई : खाली काय आहे?

सासू : "नवी आवृत्ती आली आहे. आत्ता घ्या. नंतर घ्या."

जावई : नंतर! नंतर दाबा!

सासू : आत्तावर पडलं बोट.

जावई : आई!

सासू : ओरडू नका. एवढीशी बटणं, आणि माझा चष्मा बाळाच्या कपड्यांच्या पिशवीत गेलाय. गोल गोल फिरतंय आता काहीतरी.

जावई : फिरू दे. हात लावू नका कशाला. ...नमस्कार काकू. नाही नाही, भांडण वगैरे काही नाही. छे, सासूबाई कशाला घराबाहेर काढतील मला?

सासू : कोण आहे हो?

जावई : वरच्या मजल्यावरच्या काकू.

सासू : त्यांना सांगा, मी मदतीला आलेय म्हणावं! ...थांबा, फिरायचं थांबलं. "आपला अनुभव कसा होता? तारे द्या."

जावई : एकही देऊ नका मेल्यांना.

सासू : दिल्याशिवाय पुढे सरकत नाहीये. पाच देऊन टाकले. आपलं अडलंय, उगाच कशाला त्याला दुखवा.

जावई : बरं केलंत. पुढे?

सासू : "आपण खरोखर आपणच आहात का? गुप्त प्रश्नाचे उत्तर लिहा." आणि प्रश्न आहे : "आपल्याला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?"

जावई : ...दुसरा प्रश्न येतो का बघा.

सासू : नाही येत. सांगा ना, काय लिहू? पाल?

जावई : नाही.

सासू : इंजेक्शन?

जावई : आई, हातोडी माळ्यावर आहे. कुलूप फोडूनच टाका.

सासू : नवंकोरं कुलूप? वेड लागलंय का? पुरुषमाणसानं पालीला घाबरण्यात लाजायचं काय एवढं?

जावई : पाल नाही हो. सासूबाईंची.

सासू : काय? दारातून नीट ऐकू येत नाही.

जावई : सासूबाईंची!

(आत फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.)

जावई : आता काकूंनाही ऐकू गेलं. आई? अहो आई, आहात ना?

सासू : आहे. सू पहिला की दुसरा?

जावई : दुसरा.

सासू : लिहिलं. हिरवा दिवा लागला. खट वाजलं.

जावई : सुटलो! आता उघडा ना.

सासू : उघडते. आधी सांगा, मी काय केलं तुम्हाला?

जावई : काही नाही केलंत. कुलूप बसवत होतो तेव्हाच तुमचा फोन आला, राहायला येते म्हणून. घर आवरलेलं नव्हतं. त्या घाईत जे मनात आलं ते लिहिलं.

सासू : मी आल्यापासून पहाटे उठून खोलीतच बसून राहते. माहीत आहे?

जावई : का?

सासू : चहा करावा म्हटलं तर तुमची ती काचेची शेगडी. आज शिट्टी मारते, उद्या नुसते आकडे दाखवते. बिघडली तर तुम्ही काय म्हणाल? म्हणून तुम्ही उठायची वाट बघते.

जावई : रोज? मला एक हाक मारायची ना, आई.

सासू : कशी मारणार? तुम्ही बोलत नाही, नुसतं हसता. मलाही तुमची भीती वाटते.

जावई : ...आई, दार उघडा.

सासू : उघडलं. हा शर्ट, ही किल्ली. केस तेवढे सारखे करा आणि निघा आता.

जावई : तुम्ही पण चला.

सासू : मी कशाला? गाडीत सामान, बाळ, ती. अडचण होईल.

जावई : होऊ दे. मला बाळाला नीट घेता येत नाही. मान कशी सावरायची तेच कळत नाही. तिला अजून सांगितलेलं नाही मी.

सासू : एवढंच ना? सोपं असतं ते. थांबा, चपला घालते.